क्रीटमधली ताव्हेर्ना: ट्रेमधलं खावं की जाळीवरचं?

रानवारा
ग्रीसच्या क्रीट बेटावर रेथिम्नो, प्लाक्यास अशा समुद्रकाठच्या गावांत कमी पैशात नीट जेवायचं तर घरच्या माणसांनी चालवलेली ताव्हेर्ना, म्हणजे साधी खाणावळ, गाठा आणि 'मायरेफ्ता' मागा. म्हणजे सकाळीच शिजवून ठेवलेले पदार्थ: मुसाका (वांगं आणि खिम्याचे थर, वर सॉस), येमिस्ता (भात भरलेले टोमॅटो आणि ढोबळी मिरच्या), फासोलाक्या (तेलात शिजवलेली फरसबी). काउंटरमागे ट्रे दिसतात, बोट दाखवलं तरी चालतं. एका ट्रेत बरीच ताटं निघतात, म्हणून भाव परवडतो.

काजळमाया
अजिबात पटलं नाही. जुलै-ऑगस्टमध्ये लोक जेवायला बसतात रात्री नऊला. तोवर ट्रे वाळलेला असतो, मग तुकडा मायक्रोवेव्हमध्ये जातो: कडा चिवट, मध्ये गार. रात्री 'तिस ओरास'च सांगावं, म्हणजे सांगितल्यावर भाजलेलं. कोकराच्या बरगड्या, पाइदाक्या, किलोवर मिळतात. दोघांत अर्धा किलो पुरे.

रानवारा
मायक्रोवेव्हचं खरं आहे, पण कोमट म्हणजे शिळं नव्हे. मुसाका ओव्हनमधून काढल्यावर तास-दीड तास तरी मुरावा लागतो, नाहीतर वरचा बेशामेल (दूध-मैद्याचा पांढरा) सॉस घसरतो आणि खिमा ताटभर पसरतो. नीट मुरलेला तुकडा विटेसारखा उभा राहतो. खाली पाणी साचलं असेल तर वांग्याला मीठ लावून पाणी काढलेलं नाही, हे ओळखावं. दुपारी दोनला जा, मग बोलू.

पाटवडी
शाकाहाऱ्यांसाठी दोन गोष्टी. येमिस्तात खिमाही असतो. बिनखिम्याचे हवे असतील तर 'ओर्फाना', म्हणजे पोरके, असं विचारा. आणि 'निस्तीसिमो', म्हणजे उपवासाचं, एवढ्या शब्दावर विसंबू नका. त्यांच्या उपवासाला मांस, दूध, अंडी वर्ज्य, पण कोळंबी, माखली, ऑक्टोपस चालतात!

काजळमाया
बिलाचंही सांगायला हवं. पावासाठी माणशी 'कुव्हेर' लागतो, ती फसवणूक नाही. घरची वाइन किलोच्या मापात. अर्धा किलो म्हणजे अर्धा लिटर. मासा किलोच्या भावाने असतो, म्हणून साफ करण्याआधी डोळ्यांसमोर वजन करून घ्या, नाहीतर भांडण ठरलेलं. मेन्यूत नावापुढे तारा (*) किंवा 'कात.' दिसलं तर माल फ्रोझन. होर्यातिकी, म्हणजे गावरान ग्रीक सॅलडमध्ये लेट्यूस आलं तर पुढचं काही मागवू नका: त्यात टोमॅटो, काकडी, कांदा, ढोबळी मिरची, ऑलिव्ह आणि वर फेटा चीजची अखंड वडी एवढंच असतं. फेटाही मेंढीच्या दुधाचा, फार तर 30 टक्के शेळीचं. गाईच्या दुधाच्या चीजला ते नाव लावता येत नाही.

रानवारा
बिलाचं सगळं मान्य. रात्री मुसाक्याचा कोपराच उरला असेल तर मीही पाइदाक्याच सुचवेन. पण यीगान्देस, घेवड्याच्या त्या टपोऱ्या पांढऱ्या बिया, रात्रीही बेधडक घ्या. टोमॅटो आणि तेलात दिवसभर मुरल्या की त्यांना खरी चव येते, आणि त्या गरम करायचीही गरज नसते.