एचओ प्रमाणातील बंद वाघिणीच्या बाजू सरळ कशा राखाव्यात?

रूळवेडा (प्रश्न)

नमस्कार. मॉडेल रेल्वेच्या एचओ, म्हणजे १:८७ प्रमाणात, चाळीस फुटी बंद मालवाघीण आराखड्यावरून स्टायरीन प्लास्टिकची शीट कापून बनवायची आहे. लांबी साधारण १४० मिमी भरते. बाजूंसाठी शीट किती जाडीची घ्यावी? दोन थर चिकटवलेल्या बाजूंना काही महिन्यांनी बाक येतो असे ऐकतो, तो टाळता येतो का? शिवाय, चाके आणि बोगी (वाघिणीखालची, चाके धरणारी फिरती चौकट) हेही स्वतःच बनवावे का?

गुण्या-पट्टी

बाक येण्याचे कारण शीटच्या जाडीपेक्षा प्लास्टिक जोडायच्या सॉल्व्हंटमध्ये शोधावे. हा पातळ द्रव गोंदासारखा चिकटवत नाही. तो दोन्ही पृष्ठभाग विरघळवतो, ते एकजीव होतात आणि द्रव उडून गेल्यावर जोड पक्का होतो. कडेच्या जोडातून तो सहज उडतो, पण दोन रुंद थरांमध्ये कोंडला की हळूहळू बाहेर पडत राहतो आणि पातळ थर आक्रसून अख्खी बाजू ओढून घेतो. म्हणून आतला थर १ मिमीचा घेऊन त्याला ठिकठिकाणी भोके पाडावीत, बाहेरचा ०.५ मिमीचा ठेवावा आणि सॉल्व्हंट ब्रशने बेताने लावावा. जोडलेली बाजू काचेवर सपाट ठेवून वर वजन द्यावे आणि दोन दिवस तिला अजिबात हात लावू नये. आत दोन-तीन आडवे पडदे गुण्या लावून बसवावेत. छप्पर बंद करण्यापूर्वी तळालाही एक भोक हवेच, कारण कोंडलेली वाफ आतून प्लास्टिक मऊ करते. काम करताना खिडकी उघडी असावी, हे वेगळे सांगायला नको.

सांधेवाला

चाके, बोगी आणि कपलर (वाघिणी एकमेकींना जोडणारा आकडा) सरळ विकत घ्यावेत. यात कमीपणा काही नाही. चाकाच्या कडेचा आकार किंचित जरी चुकला तरी सुबक वाघीण सांध्यावर रुळावरून घसरते. कपलरचा मध्य रुळाच्या माथ्यापासून सुमारे ९.९ मिमी उंच यायला हवा, तेव्हा ही उंची आधी ठरवून मगच तळाची पातळी आखावी. वजनासाठी नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एक औंस अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस अशी आहे. आपल्या वाघिणीला ते सुमारे १०६ ग्रॅम होते. शिशाचे छर्रे पांढऱ्या गोंदात ओतू नयेत, ते मिश्रण कालांतराने फुगून बाजू फाकवते. तळाशी पोलादी पट्ट्या बसवणे बरे. एका बोगीचा स्क्रू ती फक्त वळेल इतपत आवळावा आणि दुसरीचा थोडा सैल ठेवावा, म्हणजे उंचसखल रुळांवरही सगळी चाके टेकून राहतात.

रूळवेडा

आभारी आहे. बाजूंवरच्या लाकडी फळ्यांच्या रेघा कटरच्या धारेने पाडाव्यात का?

गुण्या-पट्टी

धारेने नको. धार प्लास्टिक चिरून दोन्ही कडांना वरंबा उठवते; पात्याची पाठ पोलादी पट्टीला टेकवून हलक्या हाताने ओढली तर बारीक साल निघून स्वच्छ खाच पडते. सहा इंची फळी या प्रमाणात १.७५ मिमी रुंद येते. खाच ०.२ मिमी रुंद झाली तरी प्रत्यक्षात ती १७ मिमीची फट ठरते, त्यामुळे पुसट वाटणारी रेघच योग्य समजावी. शिवाय रेघा थर चिकटवण्यापूर्वी, शीट सुटी असतानाच पाडाव्यात.