बारावीनंतर शिक्षक व्हायचंय? मग पदवीआधी डी.एल.एड. करा

डोंगरशाळा (धागाकर्ता)
बारावीचा निकाल लागला की गावातली पोरं घरी येतात. "सर, बी.ए. करून बी.एड. करतो, मग झेडपीत लागेन ना?" नाही लागणार बाबा, निदान पहिली ते पाचवीला तरी नाही. प्राथमिकसाठी बी.एड. चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२३ मध्ये स्पष्ट केलं. तिथे डी.एल.एड.च लागतं, म्हणजे आपलं जुनं डी.एड. दोन वर्षांचा कोर्स, प्रवेश बारावीच्या गुणांवर, वेगळी सीईटी नाही. पुढे मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली की टीईटीचा, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेचा, सहावी ते आठवीसाठीचा दुसरा पेपरही देता येतो. म्हणजे दोन्ही दारं उघडी. तरी पालक डी.एड. म्हटलं की नाक मुरडतात.

बीजगणित
नाक का मुरडतात ते तुम्हाला ठाऊक आहे, सर. २०१२ ला भरतीवर बंदी आली, भरतीसाठीची पहिली अभियोग्यता चाचणी झाली २०१७ च्या डिसेंबरात. मधल्या काळात डी.एड. झालेली किती पोरं किराणा दुकानात बसली, हे प्रत्येक तालुक्याने पाहिलंय. उद्या भरती पुन्हा थांबली तर बारावी अधिक डी.एल.एड. या कागदावर दुसरं काय मिळतं? मी नववी-दहावीला गणित शिकवतो. माझा सल्ला साधा आहे: आधी बी.एस्सी. करा, तेही रोज कॉलेजात जाऊन. विषय पक्का असेल तर माणूस कुठेही उभा राहतो. बी.एड. नंतर आहेच.

डोंगरशाळा
"आहेच" म्हणजे तीन अधिक दोन वर्षं, वर सीईटी. शेतमजुराच्या मुलीला घरचे तेवढं थांबू देतात का?

तिसरं_वर्ष
दोघेही पगाराबद्दल गप्प का? मी शिक्षणसेवक आहे. तीन वर्षं मानधन, प्राथमिकला महिना १६ हजार. २०२३ च्या आधी ६ हजार होतं, म्हणून लोक म्हणतात नशीबवान आहेस. नेमणूक घरापासून दोन जिल्हे पलीकडे. खोलीभाडं आणि एसटी वजा केली की घरी पाठवायला फारसं उरत नाही. डी.एल.एड. की बी.एड. हा प्रश्न नंतरचा. ही तीन वर्षं घर ओढू शकेल का, ते आधी आईवडिलांसोबत बसून बोला. मला कुणी सांगितलं नव्हतं. आणि खाजगी संस्थेत "डोनेशन" देऊन लागायचा विचार असेल, तर ती शाळा अनुदानित आहे का एवढं तरी विचारा.

लेक_बारावीत
मुलीला लहान मुलांची आवड आहे, पण तर्काची गणितं पाहिली की घाबरते. तिने या वाटेला जावं का?

बीजगणित
ताई, इथेच तर माझा राग आहे. टीईटी पास झाल्यावरही निवड अभियोग्यता चाचणीच्या गुणांवर. २०० प्रश्न, दोन तास, त्यातले ८० गुण बुद्धिमत्तेचे. ओळखीतली एक मुलगी पहिलीच्या वर्गाला गोष्टीत गुंगवून ठेवते, आणि ती गुणवत्ता यादीत कुठेच नाही. चाळीस पोरांपुढे उभं राहता येतं का, हे पूर्ण निवडीत कुणी बघतच नाही.

डोंगरशाळा
हे मात्र मान्य. पण चाचणी वाईट म्हणून वाट सोडायची का? ताई, तर्काची गणितं सरावाने येतात, त्याला दोन-तीन वर्षं हातात आहेत. आवड खरी आहे का, ते आधी पाहा. सुट्टीत जवळच्या अंगणवाडीत किंवा शाळेत, मुख्याध्यापकांना विचारून, महिनाभर जाऊ द्या. नुसतं बसायला नको, रोज एक तास शिकवायला. आठव्या दिवशी कंटाळली तर दोन वर्षं आणि फी वाचेल.

तिसरं_वर्ष
आणि तिला सांगा, टीईटी कुणालाच सुटत नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त अवधी असलेल्या जुन्या गुरुजींनाही ती दोन वर्षांत पास व्हायला सांगितलंय.

डोंगरशाळा
त्यात मीही आलो. १५० पैकी ९० पाडायचेत. बालमानसशास्त्राचं पुस्तक उशाला आहे, हसू नका.

बीजगणित
हसत नाही, सर. गणिताचा भाग अडला तर फोन करा. बी.एस्सी. आधी, हे मत मात्र बदललेलं नाही.