मदत हवी आहे: त्सुनामीचा इशारा आला तर जेटीवरच्या बोटींचं काय करायचं?

नमस्कार मंडळी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या खाडीच्या तोंडावरच्या एका मच्छीमार वाडीसाठी त्सुनामीचा आराखडा करतोय. माणसांचा प्रश्न बराचसा सुटलाय: पाखाडीने (डोंगरातल्या पायऱ्यांच्या वाटेने) थेट सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर. डांबरी रस्ता वापरायचा नाही, तो खाडीच्या कडेने जातो आणि पाणी खाडीतून आत घुसतं. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, तेवढी साफसफाई बाकी.

अडलंय ते बोटींवर. 28 नोव्हेंबर 1945 च्या मकरान (पाकिस्तान-इराणचा किनारा) भूकंपानंतर मुंबईला लाटा काही तासांनी पोचल्या होत्या. म्हणजे भूकंप दूर झाला तर इथे जमीन हललेली जाणवेलच असं नाही. भिस्त हैदराबादच्या इन्कॉइसच्या (त्सुनामीचे इशारे देणारी सरकारी संस्था) इशाऱ्यावर. हाताशी तास आहेत म्हटल्यावर तांडेल (बोटीचे चालक) जेटीकडे धावणारच. बोट 100 मीटरपेक्षा खोल पाण्यात न्या, असं सर्रास सांगतात. पण आपला समुद्र दूरवर उथळ. तेवढी खोली गाठेपर्यंत लाट वाटेतच भेटायची. त्यात ओहोटी असेल तर खाडीमुखाच्या वाळूत बोट रुतणार.

बांधलेल्या बोटी तशाच ठेवून माणसांनी निघायचं, की लाटेच्या अंदाजित वेळेआधी अमुक तासांपर्यंत बोट बाहेर काढायची मुभा द्यायची? कुठल्या बंदरात असा नियम लेखी आहे का? समुद्रात असलेल्यांना ‘परत फिरू नका’ हे व्हीएचएफच्या (बोटीवरचा रेडिओ) 16 नंबरच्या चॅनलवर नक्की कोणी सांगायचं? ओडिशातल्या वेंकटरायपूर, नोलियासाहीला 2020 मध्ये युनेस्कोची ‘त्सुनामी रेडी’ (त्सुनामीसाठी सज्ज गाव) मान्यता मिळाली. तिथल्या सरावात बोटींचाही विचार केला होता का? नमुना असेल तर कृपया टाका.