मदत हवी आहे: जुना ट्रॉली जॅक भाराखाली हळूहळू बसतो. दुरुस्त करू की नवा घेऊ?

नमस्कार मंडळी,

वडिलांच्या वेळचा 2 टनी हायड्रॉलिक ट्रॉली जॅक आहे. गाडी पहिल्याच दांड्यापासून उचलतो, पण वर टिकत नाही. चाक काढून होईपर्यंत सॅडल (गाडीला टेकणारी वरची बशी) बोटभर खाली आलेलं असतं. रिकामा असेल तर मात्र तसाच उभा राहतो.

रॅम (ऑइलच्या दाबाने बाहेर सरकून गाडी उचलणारा दट्ट्या) पूर्ण आत घेऊन टाकीचं बूच काढलं, ऑइलची पातळी बरोबर आहे. रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली उतरवायचा) उघडा ठेवून दांडा मारून हवाही काढली. फरक नाही. बाहेर कुठे थेंब गळत नाही, म्हणजे ऑइल आतल्या आत टाकीत परत जात असणार. भार असताना दांडा आपोआप वर येत नाही, त्यामुळे पंपाकडचा चेक व्हॉल्व्ह (ऑइल एकाच दिशेने जाऊ देणारा) धरतोय असं समजतो. उरले दोन संशयित: रिलीज व्हॉल्व्हचा छर्रा (ऑइलची वाट बंद करणारी छोटी गोळी), नाहीतर रॅमचं सील.

छर्ऱ्याचं काम असेल तर आनंदच आहे. बसायची जागा साफ करायची, नवा छर्रा ठेवून पितळी सळईने हलकेच ठोकून बसवायचा, झालं.

अडचण रॅमची आहे. जॅक बरीच वर्षं उचललेल्या अवस्थेत पडून होता, त्यामुळे रॅमच्या उघड्या राहिलेल्या भागावर गंजाचे खड्डे पडलेत. नख फिरवलं की अडकतं. सील रॅमच्या आतल्या टोकाला असेल तर ते सिलिंडरच्या भिंतीवर घासतं, मग या खड्ड्यांनी फारसं बिघडू नये. पण सील सिलिंडरच्या तोंडाशी, ग्लँड नटच्या (रॅमभोवतीच्या नटच्या) मागे असेल तर प्रत्येक खेपेला खड्डे त्याला खरवडणार आणि नवं सीलही टिकणार नाही. जॅक न उघडता हे ओळखायची काही खूण आहे का? कंपनीची पट्टी कधीच निघून गेली आहे, त्यामुळे तयार सील किट मिळणं कठीण. जुनी सीलं व्हर्नियरने मोजूनच नवी आणावी लागतील.

फ्रेमवरचा गंज तारेच्या ब्रशने काढून वेल्डिंगचे सांधे नीट पाहिले, कुठे तडा नाही. तडा असता तर विचारायला आलोच नसतो. गाडीखाली शिरताना स्टँड लावतोच, पण स्टँड सरकवताना हात खाली असतो, म्हणून बसणारा जॅक तसाच वापरायचा नाही.

ऑइलबद्दलही सांगा. आयएसओ 22 की 32 (घट्टपणाचा नंबर)? एकाने ब्रेक ऑइल सुचवलं, ते टाकणार नाही, त्याने नायट्राइल रबराची सीलं फुगून खराब होतात.

ज्यांनी असा जॅक स्वतः उघडलाय त्यांनी कृपया लिहा. खड्डे पडलेला रॅम हार्ड क्रोम (क्रोमचा कठीण मुलामा) करून घेतला तर टिकतो का? नसेल टिकत, तर तसं स्पष्ट सांगा, मी नवा घेईन.