जेबेल अलीत नोकरी घेऊ का? तिकडे नेमकं कसंय?

वास्कोकर: मुरगाव बंदरात लॉजिस्टिक्सला आहे, आता दुबईला जेबेल अली फ्री झोनमधल्या (कर-सवलतीच्या व्यापारी भागातल्या) वेअरहाउसची ऑफर आलीय. शहराच्या जवळ आहे काय?

डिचोलीचो भाऊ: जवळ कसलं रे, जुन्या दुबईपासून ३५ किमी तरी. बंदर १९७९ चं, फ्री झोन १९८५ चा, किनारा खोदून केलेलं सगळं, त्यामुळे आपल्यासारखी टेकडी-झाडं विसर, नुसते कंटेनर, गोदामं, क्रेन आणि बाजूला वीज नि गोडं पाणी करणारा भलामोठा प्लांट. मेट्रो आहे पण स्टेशनपासून पुढे बस नायतर टॅक्सी, चालायचं नाव काढू नको.

सुमा_म्हापसा: १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२:३० ते ३ उन्हात काम बंद असतं, कायदाच आहे. पण तो उघड्यावरच्या कामाला, तू गोदामात असणार, तर एसी आहे काय ते आधीच विचार!

फोंडेकर: रूम कंपनी देते का ते ऑफर लेटरात बघ, नसेल तर डिस्कव्हरी गार्डन्सला शेअरिंग शोध. आणि एजंटाने व्हिसाचे पैसे मागितले तर सरळ नाही म्हण, तिकडे तो खर्च मालकाचा असतो.

वास्कोकर: एजंटाने मागितलेत ना कालच 😐