मदत हवी आहे : नाटकाचे दिवे टांगण्यासाठी लाकडी तुळई

रंगपेटी : आमच्या हौशी मंडळाचा प्रयोग शनिवारी आहे आणि सभागृहात दिवे टांगण्याची कोणतीही सोय नाही. दोन खांब उभे करून त्यांवर लाकडी तुळई टाकणार आहोत. लाकूड किती जाड घ्यावे, एवढेच कृपया त्वरित सांगावे.

सुतारपक्षी : दोन खांबांतील अंतर, दिव्यांची संख्या आणि त्यांचे वजन कळल्याशिवाय जाडी सांगणे म्हणजे रोगी न पाहता औषध देणे होय.

रंगपेटी : अंतर १८ फूट. चार दिवे आहेत, साधेच.

फ्यूज गेला : साधे म्हणजे हॅलोजनचे का? १००० वॅटचा एक दिवा २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर घेतो, म्हणजे चार दिवे १६ अँपिअरच्या एका प्लगवर चालणार नाहीत. शिवाय ते इतके तापतात की लाकूड आणि पडदा यांपासून दूरच ठेवावे लागतात.

कोकणातला : लाकूड कशाला? आमच्याकडे सगळे मांडव बांबूचेच असतात.

सुतारपक्षी : मांडवावर कापड असते, दिवे नव्हेत; गोल, गुळगुळीत बांबूवर दिव्याची पकड फिरते. ६ इंच रुंद आणि २ इंच जाड फळी कडेवर उभी ठेवावी, कारण आडव्या ठेवलेल्या त्याच फळीपेक्षा ती नऊपट ताठ असते. मध्ये तिसरा खांब दिल्यास तेवढ्याच वजनाने पडणारा झोळ जवळजवळ एक अष्टमांश होतो. फळी खांबाच्या खाचेत बसवून आरपार नटबोल्ट घालावेत, खिळे नकोत, आणि प्रत्येक खांबाला दोन्ही दिशांनी तिरपे टेकू द्यावेत.

जुना वाडा : लाकडाला आधी वाळवीचे औषध लावून आठवडाभर वाळू द्यावे.

फ्यूज गेला : प्रयोग शनिवारी आहे. वाळवीला तेवढी सवड मिळणार नाही.

रंगपेटी : मधला खांब शक्य नाही, तो पहिल्या तीन रांगांच्या आड येईल. तुळई प्रेक्षकांच्या डोक्यावर आहे, हे सांगायचे राहिले.

सुतारपक्षी : हे पहिल्याच ओळीत हवे होते! डोक्यावर १८ फुटांची घरगुती तुळई मी तरी बांधू देणार नाही. मांडववाल्याकडून लोखंडी पाइपांचे दोन मनोरे आणून दोन्ही भिंतींलगत उभे करावेत, दिवे त्यांवरच लावावेत, मनोऱ्यांचे पाय वजनाने दाबावेत आणि प्रत्येक दिव्याला पकडीखेरीज वेगळी साखळी बांधावी.

रंगपेटी : मनोऱ्यांचे भाडे साधारण किती पडेल?