मदत हवी आहे: चित्र न दाखवता, नुसत्या आवाजात गुरुत्वीय लहरी कशा सांगू?

पाटीखडू

नमस्कार मंडळी,

मी हिंगोली जिल्ह्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाचा, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या यंत्राचा, प्रकल्प होतोय हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. २०२३ साली केंद्रानं २,६०० कोटी मंजूर केले आणि तेव्हापासून एसटीत, लग्नात, कुठंही गेलं की "सर, ते नेमकं काय आहे हो?" हा प्रश्न ठरलेला. फळ्यासमोर मला ते सांगता येतं. एल आकाराच्या दोन भुजा काढायच्या, प्रत्येकी चार किलोमीटर, कोपऱ्यात लेझर, टोकांना आरसे. पोरं माना डोलवतात. पण गावातल्या बायामाणसांसाठी म्हणून पॉडकास्ट करायला घेतला आणि तिथं घोडं पेंड खातंय.

बारा-बारा मिनिटांचे तीन भाग झालेत. गावातल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकले, अंगठे भरपूर आले, प्रश्न एकही नाही. आता एका सामुदायिक रेडिओनं रविवारी दहा मिनिटं देऊ केलीत, म्हणून जास्त धास्ती.

परवा पहिला भाग आत्याला ऐकवला. ती सुपात हरभरा निवडत होती, फोन डब्याला टेकवून ठेवला. "एकशे तीस कोटी प्रकाशवर्षं अंतरावर" असं आलं तशी म्हणाली, "इतक्या वर्षांमागं झालं व्हय?" मी अंतर सांगतोय आणि ती काळ समजतेय. पुढं मी मोठ्या ऐटीत म्हटलंय, "ऐका, हा दोन कृष्णविवरांच्या मिलनाचा आवाज!" आणि फोनमधून काहीच आलं नाही. आत्यानं फोन उचलून कानाला लावला, हलवून बघितला आणि "बंद पडला" म्हणून परत दिला. हेडफोनवर मला तो आवाज स्वच्छ येतो.

सुरुवातीचं वाक्य खाली देतो, मोकळेपणानं झोडपा:

"दोन महाकाय कृष्णविवरांच्या एकमेकांभोवती फिरत फिरत जवळ येऊन होणाऱ्या विलीनीकरणातून निर्माण होणाऱ्या व अवकाश-काळाच्या पटलावर दूरवर पसरत जाणाऱ्या तरंगांना गुरुत्वीय लहरी असे म्हणतात."

आवाजाचं काय चुकतंय? आणि हे वाक्य आत्याच्या कानात कसं घालू?

खरखर

सर, तुमची फाइल चांगली आहे आणि आत्यांचा फोनही. तुम्ही वाजवलेला तो संकेत, म्हणजे अमेरिकेतल्या लायगोनं १४ सप्टेंबर २०१५ ला पकडलेली पहिली लहर, साधारण ३५ हर्ट्झपासून सुरू होऊन २५० च्या आसपास संपतो. इतका खालचा आवाज काढायला जेवढी हवा हलवावी लागते तेवढी फोनचा नखाएवढा स्पीकर हलवूच शकत नाही. हेडफोन कानाला चिकटलेला, म्हणून तुम्हाला ऐकू येतं. लायगोच्या लोकांनी स्वतःच त्याची वरच्या पट्टीत नेलेली आवृत्ती दिली आहे, ती घ्या. मात्र "पट्टी वर चढवली आहे" हे एका वाक्यात सांगून टाका, चोरून करू नका.

दुसरं, तो सगळा प्रकार सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात आटपतो. माणूस कान टवकारेपर्यंत संपलेला असतो. तीनदा वाजवा, मध्ये थोडी शांतता सोडा. त्याआधी कुणाकडून तरी डग्ग्यावर मनगट पुढं सरकवत काढलेला 'घुंऽऽप' रेकॉर्ड करून घ्या. खालून वर चढत जाणारा आवाज म्हणजे काय, हे भजनात बसलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागणार नाही.

जाता जाता: ६४ केबीपीएस, मोनो ठेवा. दहा मिनिटांची फाइल पाच एमबीच्या आत बसते, गावातल्या नेटला तेवढीच झेपते. आणि रेकॉर्डिंग करताना पंखा बंद करा. खिडकीला गोधडी टांगली तर उत्तमच.

चौकसराव

एक आक्षेप नोंदवतो. "कृष्णविवरांच्या मिलनाचा आवाज" हे चूक आहे. अवकाशात हवा नाही, आवाज आलाच नाही. आली ती अवकाशाचीच ताण-ओढ. तिची कंपनसंख्या योगायोगानं आपल्या कानाच्या टप्प्यात बसते, म्हणून तिला स्पीकरवर वाजवता येतं एवढंच. वर्तमानपत्रं 'ब्रह्मांडाचा नाद' वगैरे लिहितात तेव्हा चिडचिड होते, निदान मास्तरांनी तरी ते करू नये.

खरखर

@चौकसराव, मान्य. पण 'कंपनसंख्या' हा शब्द पहिल्याच मिनिटाला काढलात तर आत्या परत हरभऱ्याकडं वळतील. मी म्हणेन: "हा आवाज तिकडून आलेला नाही. तिकडून आला तो हिसका. तो हिसका आपण स्पीकरला दिला आणि स्पीकर बोलला." चालेल?

चौकसराव

चालेल. 'हिसका' आवडला.

जुनं_निवेदन

मी काही वर्षं आकाशवाणीवर नैमित्तिक उद्घोषक होते, त्या अधिकारानं थोडं बोलते. सर, तुमचं वाक्य मी मोठ्यानं वाचून पाहिलं, दोनदा श्वास घ्यावा लागला. आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं. त्यात तुम्ही 'होणाऱ्या, निर्माण होणाऱ्या, पसरत जाणाऱ्या' असे डबे जोडत गेलात. ऐकणाऱ्यानं ते सगळं डोक्यावर घेऊन 'म्हणतात'पर्यंत चालायचं. वाचणारा निदान परत मागं जाऊन वाचतो. भाकरी थापणारी बाई पिठाच्या हातानं फोन मागं नेणार आहे का?

तोडा ते. "दोन कृष्णविवरं होती. एकमेकांभोवती फिरत होती. फिरता फिरता जवळ आली. आणि धडकली." चार क्रियापदं, चार विसावे. 'गुरुत्वीय लहरी' हे नाव शेवटी द्या, आधी गोष्ट होऊ दे. नाव आधी दिलं की ऐकणारा परीक्षेला बसल्यासारखा ताठ होतो. 'व्यतिकरण' तर पहिल्या भागात येऊच नये. दोन्ही भुजांतला प्रकाश परत येऊन एकमेकाला खोडतो असं सांगा. पुढं कधी नाव लागलंच तर मराठी आणि इंग्रजी दोन्ही एकदा उच्चारा, म्हणजे बारावीच्या पोरांनाही पुस्तकाशी सांधा जुळवता येईल.

जड वस्तूनं अवकाश कसं वाकतं हे सांगायला ताणलेल्या चादरीवर गोळा ठेवायचा तो प्रसिद्ध दाखला तुम्ही वापरला असणारच. काढून टाका. ते चित्र आहे. ज्यानं ते कधी पाहिलंच नाही त्याच्या डोळ्यांसमोर शब्दांनी फक्त अंथरूण उभं राहतं.

आणि कृपा करून 'गण्या' आणू नका! श्रुतिकेत एक सर आणि एक खेडवळ गण्या, तो विचारणार "म्हंजी काय वो सर?" आणि सर प्रवचन देणार. असल्या संहिता मी ढिगानं वाचल्यात, गावातलं माणूस असं बोलत नाही. खरी आत्या घरात असताना खोटा गण्या कशाला?

त्यांचा प्रकाशवर्षाचा प्रश्न मुळात चुकीचाही नाही हो. १३० कोटी प्रकाशवर्षांवरून ती लहर प्रकाशाच्याच वेगानं आली, म्हणजे घडलं ते १३० कोटी वर्षांपूर्वीच. आत्यांनी काळ बरोबर सांगितला. तिथूनच उलट अंतराकडं या.

टिटवी

मी वसमतकडची. सर, तुम्ही लहरी, कंपनं, हादरा असे शब्द वापरता तेव्हा आपल्या भागात काय ऐकलं जातं याचा विचार केलाय का? २१ मार्च २०२४ च्या पहाटे ४.५ तीव्रतेचा भूकंपाचा धक्का बसला तेव्हा आम्ही सगळे अंगणात होतो. त्याच जुलैत परत तेवढाच. पांगरा शिंदेच्या बाजूला जमिनीतून गूढ आवाज येतात हे लहानपणापासून ऐकतोय. माझ्या सासूबाईंचा प्रश्न कृष्णविवराचा नाहीच. त्यांना वाटतं, ते यंत्र जमीन हलवणार. तुमचे तीन भाग ऐकून मला त्याचं उत्तर सापडलं नाही.

पाटीखडू

@टिटवी, वाचून ओशाळलो. आत्यानं भाग लावायच्या आधीच विचारलं होतं, "त्या मशीननं जमीन हालंल का रं?" रेकॉर्डर चालूच होता, तो प्रश्न फाइलमध्ये आहे. विषय सोडून आहे म्हणून मी कापला.

उत्तर तर सोपं आहे. लायगो काही हलवत नाही, ते फक्त ऐकतं. निर्वात नळीतून लेझर जातो आणि येतो. उलट जमीन हलली की त्याचीच पंचाईत. म्हणून चाळीस-चाळीस किलोचे आरसे काचेच्या बारीक तंतूंवर, लंबकाखाली लंबक असे टांगतात. ट्रक गेला, दूर समुद्राच्या लाटा आपटल्या, तरी खालच्या आरशापर्यंत त्यातलं जवळजवळ काही पोचू द्यायचं नाही.

आता एक अडचण राहते. लहर आली की भुजांची लांबी किंचित बदलते, तो फरक किती बारीक असतो हे कसं सांगू? प्रोटॉनच्या शेकडो पटींनी लहान, असं मी म्हणतो. प्रोटॉन कुणी पाहिलाय!

चौकसराव

सूर्य सोडला तर सगळ्यात जवळचा तारा चार प्रकाशवर्षांहून थोडा लांब आहे. त्या अंतराच्या मानानं एका केसाची जाडी जितकी, भुजेच्या चार किलोमीटरांच्या मानानं हा फरक तितका. गणित करून बघा, बसतं.

खरखर

आणि कावळ्यांची गोष्ट सांगा राव! अमेरिकेत हॅनफर्डच्या लायगोत मध्येच विचित्र टकटक नोंदली जायची. शोधलं तर बाहेर द्रवरूप नायट्रोजनच्या नळ्यांवर बर्फ साचायचा आणि डोमकावळे येऊन तो टोचायचे. पहिलीतला तहानलेला कावळा थेट कृष्णविवर ऐकणाऱ्या यंत्रात पोचला. यात तुम्हाला ठक-ठक असा खरा ध्वनिपरिणामही मिळतो, वाटीवर चमचा वाजवला तरी काम होतं.

जुनं_निवेदन

वा! मग लगेच विचारा, कावळा कुठला आणि कृष्णविवर कुठलं हे कळतं कसं? तिथं दुसरं यंत्र आणा. अमेरिकेतल्याच लिव्हिंग्स्टनचं, तीन हजार किलोमीटरवर. कावळा एकाच ठिकाणी टोचतो. २०१५ चा हिसका दोन्हीकडं लागला, मध्ये फक्त सात सहस्रांश सेकंदाचं अंतर. औंढ्याला आणखी एक कान कशाला हवा, हेही तिथंच येऊन जातं: जितके कान जास्त, तितकी आकाशातली दिशा नेमकी.

प्रसारणाआधी संहिता पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेला दाखवता आली तर बघा. लायगो-इंडियात ते आहेत, लोकांसाठीचे उपक्रमही करतात.

पाटीखडू

मंडळी, चार दिवसांनी येतोय. पहिला भाग मोडून पुन्हा केला, बारा मिनिटांचा नऊ झाला. आता सुरुवात अशी:

(सुपात हरभऱ्याचा आवाज.)
आत्या: त्या मशीननं जमीन हालंल का रं?
मी: नाही हालणार, आत्या. पण जमीन हालली की त्या मशीनचं डोकं दुखतं.

मग मार्चची ती पहाट, मग टांगलेले आरसे, मग कावळे. कृष्णविवरं सहाव्या मिनिटाला येतात. डग्गा आमच्या भजनी मंडळातल्या एका पोरानं वाजवून दिला, त्याच्या पाठोपाठ वरच्या पट्टीतला हिसका तीनदा. या वेळी आत्यानं फोन हलवला नाही. दुसऱ्यांदा वाजल्यावर म्हणाली, "एवढंच व्हय? एवढ्यासाठी एवढी नळी?" त्यावर मी जे बोललो ते जरा लांबलंय, कापेन.

भाग संपल्यावर तिनं सूप खाली ठेवलं आणि विचारलं, "मग त्या लोकांनी कावळ्यांना बाहेर पाणी ठिवलं का नाही?"

हे शेवटी तसंच ठेवलंय. दुसऱ्या भागाची संहिता उद्या इथंच टाकतो.